फोर-के मॉनिटर आला आणि माउस लंगडायला लागला

गणपती गेले की आमच्या बिल्डिंगमधल्या काकांच्या घरी रात्री दोनपर्यंत दिवा दिसतो. ठाण्याच्या नौपाड्यातली जुनी इमारत, तिसऱ्या मजल्यावर काका. दिवाळी अंकांची पानं लावायचं काम ते घरूनच करतात. सुरुवात छापखान्यात खिळे जुळवण्यापासून केलेला माणूस, त्यामुळे अक्षर बिघडलेलं त्यांना अजिबात खपत नाही. यंदा मुलीनं त्यांना सत्तावीस इंची फोर-के मॉनिटर भेट दिला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी मला फोन.

“अरे, चहाला वर ये. पडदा झकास आहे, पण उंदीर लंगडतोय.”

जाऊन पाहिलं तर खरंच लंगडत होता. माउसचा बाण सरकायच्या ऐवजी टप्पे खात जात होता. एखादी विंडो धरून ओढली की ती हाताच्या मागून, नाइलाजानं आल्यासारखी यायची. पीडीएफ भरभर खाली सरकवली तर ओळींचा नुसता चिखल. काकांचा कॉम्प्युटर म्हणजे कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, सेकंड हँड घेतलेला डेस्कटॉप. नवव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, पडद्यावरचं चित्र तयार करणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. दुकानदारानं त्यांना फोनवरच निकाल सांगून टाकला होता : “काका, फोर-केला ग्राफिक्स कार्ड लागतंच.” कार्डाचा भाव ऐकून काकांनी मॉनिटर परत पाठवायची तयारी केली होती. शिवाय त्यांचं कॅबिनेट इतकं चपटं, की नेहमीच्या मापाचं कार्ड त्यात मावलंही नसतं.

मीही काही फार हुशारी दाखवली नाही. पहिला तासभर ड्रायव्हर काढून पुन्हा टाकण्यात घालवला. चहा दोनदा झाला. मग डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये आत शिरलो आणि रिफ्रेश रेटच्या पुढचा आकडा बघितला : ३० हर्ट्झ.

तिथे सगळं आलं. पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० वेळा नवं व्हायला हवं, ते ३० वेळाच होत होतं. साठ वेळा बदललं तर एक चित्र साधारण १७ मिलिसेकंद टिकतं, तीसला ३३. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर चालतो आणि आपल्याला तो सुरळीत दिसतो, मग ३० का पुरत नाहीत, असं काकांनी लगेच विचारलं. प्रश्न रास्त आहे. फरक हाताचा आहे. सिनेमा आपण नुसता बघतो. माउस आपण हातानं हलवतो, आणि हात कुठे पोचला हे मेंदूला आधीच ठाऊक असतं. बाण तिथे वेळेवर पोचला नाही की लगेच खटकतं.

पण मुळात तीसवर का अडकलं? दुकानदार म्हणाला त्याप्रमाणे प्रोसेसरमधलं ग्राफिक्स कमजोर म्हणून? तसं नव्हतं. चिपला ते काम येत होतं. चिपपासून काचेपर्यंतचा रस्ता अरुंद होता. हा रस्ता कुठे कुठे आखडतो ते नीट कळलं तर पुष्कळांचे कार्डाचे पैसे वाचतील, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी ठिपके मोजू

काकांचा जुना मॉनिटर फुल एचडी होता : आडवे १९२० ठिपके, उभे १०८०. एकूण २०,७३,६००. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, एकूण ८२,९४,४००. नावातला ‘चार’ आडव्या ठिपक्यांवरून आला आहे, साधारण चार हजार म्हणून. योगायोगानं एकूण ठिपकेही फुल एचडीच्या बरोब्बर चौपट भरतात. दोन्ही बाजू दुप्पट झाल्या की क्षेत्रफळ चौपट होतं, हे शाळेतलंच गणित.

प्रत्येक ठिपक्याचा रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांत ठेवतात, प्रत्येकी एक बाइट. हिशोब सरळ राहावा म्हणून सहसा चौथा बाइटही जोडलेला असतो. म्हणजे फोर-केच्या एका चित्राला ३ कोटी ३१ लाख ७७ हजार ६०० बाइट, ढोबळमानानं ३३ एमबी. एवढं चित्र मेमरीत कुठेतरी तयार ठेवायचं आणि ते सेकंदाला साठदा वाचून मॉनिटरकडे पाठवायचं. साठ गुणिले ३३, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २ जीबी.

काकांना यातली एक गोष्ट पटेना. “पडद्यावर काहीच हलत नसलं तरी?” हो, तरीही. तुम्ही चष्मा पुसत बसा, पान तसंच्या तसं असू दे, ते सेकंदाला साठ वेळा पाठवलं जातंच. (काही लॅपटॉपच्या पॅनलमध्ये चित्र स्वतःजवळ जपून ठेवायची सोय असते, बॅटरी वाचावी म्हणून. टेबलावरच्या मॉनिटरला सहसा ते लाड नसतात.)

हे झालं तयार चित्र नुसतं वाचून पाठवायचं काम. ते तयार कसं होतं? विंडोजमध्ये २००७ च्या व्हिस्टापासून प्रत्येक विंडो आपलं चित्र वेगळ्या कागदावर काढते आणि मग एक जण ते सगळे कागद योग्य जागी मांडून एकच मोठं पान बनवतो. काकांच्या भाषेत सांगायचं तर पेस्टिंगच. म्हणजे आधी विंडोनं आपलं चित्र लिहायचं, मांडणाऱ्यानं ते वाचायचं, मोठ्या पानावर पुन्हा लिहायचं, आणि शेवटी ते पान मॉनिटरसाठी वाचायचं. पूर्ण पडदा हलत असेल, म्हणजे काकांची पीडीएफ भरभर सरकत असेल, तर चार वेळा ये-जा झाली, प्रत्येक वेळी सेकंदाला २ जीबी. एकूण ८. जुन्या फुल एचडी मॉनिटरवर हाच आकडा दोनच्या आसपास होता. आताच्या चिप बदललेला तुकडाच तेवढा नव्यानं काढणं, चित्र दाबून लहान करून ठेवणं अशा युक्त्या करून यातलं बरंच वाचवतात. पण रहदारीची कल्पना यायला हा हिशोब पुरे.

एकाच रुळावर लोकल आणि मेल

ही ये-जा होते कुठे, यात वेगळं कार्ड आणि ‘इंटिग्रेटेड’, म्हणजे प्रोसेसरमध्येच बसवलेलं ग्राफिक्स, यांच्यातला खरा फरक आहे.

वेगळ्या कार्डावर त्याची स्वतःची मेमरी असते, तिचा रस्ता खासगी आणि रुंद. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. ते तुमच्या रॅममधलीच जागा घेतं आणि त्याच तारांवरून ये-जा करतं जिथून प्रोसेसरही करतो. ठाणे-दिवा पट्ट्यातल्या प्रवाशाला हे वेगळं समजवायला नको. तिथे वर्षानुवर्षं फास्ट लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या एकाच रुळांवरून धावायच्या. मेल पुढे काढायची म्हणून लोकल सिग्नलला उभी, आणि आपण दारात लटकलेले. २०२२ मध्ये पाचवी आणि सहावी मार्गिका सुरू झाली, तेव्हा मेलना आपले रूळ मिळाले. वेगळं ग्राफिक्स कार्ड म्हणजे ती पाचवी-सहावी लाइन. इंटिग्रेटेड म्हणजे त्याआधीचा जमाना.

पण एकच रूळ आहे म्हणजे गाडी धावतच नाही असं थोडंच आहे? रूळ किती आणि गाड्या किती, हे बघायला हवं. काकांच्या मशीनमध्ये डीडीआर-फोर २६६६ जातीची, ८ जीबीची रॅमची एकच पट्टी, म्हणजे स्टिक, बसवलेली होती. एका स्टिकचा रस्ता कागदोपत्री सेकंदाला २१.३ जीबी. त्यातले ८ जीबी पडदाच मागायला लागला तर प्रोसेसरनं खायचं काय? शेजारी दुसरा खाच रिकामा होता. तिथे तसलीच दुसरी स्टिक बसवली की प्रोसेसर दोघींशी एकाच वेळी बोलतो आणि रस्ता दुप्पट होतो, ४२.६. इंटिग्रेटेड ग्राफिक्सवाल्या कॉम्प्युटरला १६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्याव्यात, असं जाणकार सांगतात ते यासाठी. जीबी तेवढेच, रूळ दुप्पट. दुकानात मात्र नवा पीसी बघायला जा, ‘१६ जीबी’ एवढंच मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. स्टिक एक की दोन, हे आपणच विचारायचं.

इंटिग्रेटेड ग्राफिक्सची बदनामी जुनी आहे आणि पूर्वी ती खरीही होती. इंटेलनं १९९९ मध्ये आपल्या ८१० या चिपसेटमध्ये ग्राफिक्स घातलं, तेव्हा ते प्रोसेसरमध्ये नव्हतं, मदरबोर्डवरच्या दुसऱ्या चिपमध्ये होतं. ‘ऑनबोर्ड’ हा शब्द तिथला. हिशोबाची टेबलं दाखवण्यापुरतं ठीक, गेम लावला की हात वर. २०१० मध्ये ते प्रोसेसरच्या डबीत आलं, पण आत दोन वेगळे तुकडे होते. २०११ च्या सॅंडी ब्रिज नावाच्या पिढीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर बसले आणि आतली मोठी कॅश मेमरीही दोघांत वाटली गेली. इंटेलची स्पर्धक एएमडी, तिनं २००६ मध्ये ग्राफिक्सवाली एटीआय ही कंपनी विकत घेतली होती, त्याचं फळ म्हणून त्यांच्याही एकत्र चिप त्याच वर्षी बाजारात आल्या. २०१३ मध्ये इंटेलनं हॅसवेल या पिढीच्या काही महागड्या प्रोसेसरमध्ये १२८ एमबीची जलद मेमरी खास ग्राफिक्सच्या शेजारी बसवली. दुखणं रॅमच्या रस्त्याचं आहे, हे कंपनीलाही ठाऊक होतं.

आणि २०२० मध्ये ॲपलची एम-वन चिप आली. वेगळं कार्ड नाही, ग्राफिक्स प्रोसेसरच्याच तुकड्यावर, मेमरी दोघांची सामायिक. फक्त त्या मेमरीचा रस्ता सेकंदाला ६८ जीबीचा. तिच्यावर चालणारा पंखा नसलेला मॅकबुक एअर ६०१६ गुणिले ३३८४, म्हणजे दोन कोटींहून जास्त ठिपक्यांचा बाहेरचा मॉनिटर साठ हर्ट्झवर चालवतो. काकांच्या मॉनिटरच्या जवळजवळ अडीचपट. त्यानंतर ‘इंटिग्रेटेड’ हा शब्द शिवी म्हणून वापरायचा माझा तरी धीर होत नाही.

कोपरीचा पूल

तर मग काकांचा माउस का लंगडत होता? रॅमची एक स्टिक हे एक कारण होतं, पण किरकोळ. मुख्य अडथळा पुढे होता.

ठाणेकरांना कोपरीचा जुना पूल आठवत असेल. मुंबईकडून येणारा हायवे ऐसपैस, पुढे ठाण्यातला रस्ताही ऐसपैस, आणि मध्ये रेल्वेवरचा पूल अरुंद. गाडी कितीही भारी असू दे, पुलाशी आली की रांगेत. नवा पूल झाला, तेव्हा कुठे तो फास सुटला. कॉम्प्युटरच्या पाठीमागचा पोर्ट, म्हणजे मॉनिटरची केबल खुपसायची जागा, हा असाच पूल आहे.

फोर-केचं चित्र साठ हर्ट्झवर पाठवायचं तर दर ठिपक्याला २४ बिट (रंगाचे तीन बाइट, प्रत्येकी आठ बिट; चौथा तारेवर जात नाही). ८२,९४,४०० गुणिले २४ गुणिले ६०. सेकंदाला साधारण ११.९ अब्ज बिट. त्यात दोन ओळींच्या, दोन चित्रांच्या मध्ये सोडायची मोकळी जागा असते, जुन्या ट्यूबच्या टीव्हीपासून चालत आलेली चाल. टीव्हीच्या ठरलेल्या मापानं ती धरली की गरज १४ अब्जांच्या थोडी वर जाते.

काकांच्या कॉम्प्युटरला एचडीएमआय पोर्ट होता १.४ या आवृत्तीचा. ही आवृत्ती २००९ ची. तारेवरून ती सेकंदाला १०.२ अब्ज बिट नेते, पण दर दहा बिटांतले आठच चित्राचे असतात, उरलेले दोन सिग्नल सांभाळण्यासाठी खर्ची पडतात. हातात राहिले ८.१६ अब्ज. चौदाचं ओझं आठच्या पुलावरून कसं जाणार? मग कॉम्प्युटर आणि मॉनिटर आपसात बोलून तोडगा काढतात : चित्र पूर्ण, पण वेग निम्मा. तीस हर्ट्झ. कुठेही एरर नाही, सूचना नाही, गुपचूप. मला राग येतो तो याचा. एवढ्या बाबतीत विंडोजनं एक ओळ दाखवली असती तर माझा तास आणि काकूंचा चहा वाचला असता.

(काही टीव्ही आणि कार्डं दुसरा तोडगा काढतात. वेग साठ ठेवतात आणि रंगाची माहिती चार ठिपक्यांत मिळून एकदाच पाठवतात. सिनेमात कळतही नाही. पण पांढऱ्या पानावरच्या लाल दुरुस्त्या मात्र कडेला फिसकटतात, त्यामुळे प्रुफं तपासणाऱ्याला तो तोडगा निरुपयोगी.)

यात एक गंमत आहे. काकांच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचं नावच ‘यूएचडी ६३०’. इंटेलनं २०१७ मध्ये नावात ‘यूएचडी’ घातलं, अल्ट्रा हाय डेफिनिशन, म्हणजे फोर-केच. आणि त्याच ग्राफिक्सचा थेट एचडीएमआय १.४ चा, फोर-के नीट न नेणारा! एचडीएमआय २.० हे मानक सप्टेंबर २०१३ मध्ये जाहीर झालं होतं, १८ अब्ज बिटांचं, त्यातले १४.४ चित्राला. गरज चौदाची, पूल चौदा पूर्णांक चारचा. अगदी मापात शिवल्यासारखा. पण इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये तो थेट यायला २०२१ उजाडलं. तोवर ज्या मदरबोर्ड कंपनीला हवं असेल तिनं जास्तीची एक चिप लावून सोय करायची. स्वस्तातल्या बोर्डांवर ती चिप सहसा नसे. प्रोसेसर तोच, नाव तेच, एका बोर्डावर साठ आणि दुसऱ्यावर तीस.

सुटका मात्र तिथेच, पाठीमागे, धुळीत होती. एचडीएमआयच्या शेजारी तसलाच दिसणारा, पण एकच कोपरा छाटलेला पोर्ट. डिस्प्लेपोर्ट. काकांना तो ‘कंपनीनं उगाच ठेवलेला’ वाटायचा. त्याची १.२ ही आवृत्ती २०१० ची, २१.६ अब्ज बिटांची, हातात राहतात १७.२८. हॅसवेलपासून, म्हणजे २०१३ पासून, इंटेलचं ग्राफिक्स या पोर्टावरून फोर-के साठ हर्ट्झनं चालवू शकतं. मॉनिटरच्या खोक्यात डिस्प्लेपोर्टची केबल पिशवीतून न काढता तशीच पडलेली होती. ती लावली, एचडीएमआयची काढली, सेटिंगमध्ये साठ दिसलं. काकांनी माउस गोल गोल फिरवून पाहिला, लहान मुलं फिरवतात तसा.

तुमच्याकडे डिस्प्लेपोर्ट नसेल आणि लॅपटॉपला यूएसबी-सी असेल, तर बऱ्याचदा त्याच भोकातून डिस्प्लेपोर्टचाच सिग्नल बाहेर येतो. पण प्रत्येक यूएसबी-सीत नाही, त्यामुळे लॅपटॉपचं माहितीपत्रक बघूनच केबल घ्या. एचडीएमआयचीच केबल घ्यायची तर ‘प्रीमियम हाय स्पीड’ लिहिलेली घ्या, ती १८ अब्जांसाठी तपासलेली असते. केबलवर ‘२.०’ असा आवृत्तीचा आकडा छापणं हे एचडीएमआयच्या नियमांतच बसत नाही, तरी बाजारात तो सर्रास दिसतो.

हे सगळं वाचून वाटेल की या कंपन्यांना आधी सुचलं कसं नाही. पण पडदा पुढे आणि रस्ता मागे ही कहाणी पहिल्यापासूनची आहे. आयबीएमनं २००१ मध्ये टी-२२० नावाचा मॉनिटर काढला होता. २२.२ इंच, ३८४० गुणिले २४०० ठिपके, म्हणजे आजच्या फोर-केपेक्षाही जास्त. किंमत २२ हजार डॉलर. तेव्हा एका केबलमधून एवढं चित्र जाणं अशक्यच होतं, म्हणून एकाच पडद्याला अनेक केबल जोडून चित्राचे तुकडे पाठवायचे, आणि इतकं करूनही वेग सेकंदाला ४१ चित्रांचा. २०१३ च्या सुमाराला टेबलावरचे पहिले फोर-के मॉनिटर आले, तेव्हाही मॉनिटरच्या आतली चिप साठ हर्ट्झचं पूर्ण चित्र एका दमात घेऊ शकत नव्हती. मग कॉम्प्युटरला सांगायचं की हे दोन मॉनिटर आहेत, उभे, १९२० गुणिले २१६० चे, शेजारी शेजारी. कधी डावी बाजू जागी व्हायची आणि उजवी काळीच राहायची. २०१४ मध्ये फाइव्ह-केचा मॉनिटर आला तो दोन डिस्प्लेपोर्ट केबल घेऊन. दर वेळी काच आधी, तार नंतर.

‘सर्वांनी’ हा शब्द

काकूंनी मध्येच विचारलं, एवढा खटाटोप कशासाठी, जुन्या मॉनिटरवर काय वाचता येत नव्हतं? मी उत्तर द्यायच्या आत काकांनी जुना मॉनिटर शेजारी लावला आणि दोन्हीकडे एकच पान उघडलं. त्यात ‘सर्वांनी’ हा शब्द होता.

हा शब्द जवळून बघा. ‘र्वां’वर रफार आहे आणि त्याला खेटून अनुस्वार. जुन्या मॉनिटरवर अकरा पॉइंटचं अक्षर साधारण पंधरा ठिपक्यांच्या उंचीत बसतं. तेवढ्यात शिरोरेघ, तिच्या वरची मात्रा-वेलांटी, खाली उकार, सगळं. अनुस्वाराच्या वाट्याला दीड-दोन ठिपके. रफाराचा आकडा आणि तो टिंब एकमेकांत मिसळून एक करडा डाग होतो. ‘सर्वांनी’ आहे की ‘सर्वानी’, हे डोळ्यांना दिसत नाही, सवयीनं वाचलं जातं. मुद्रितशोधकाचा शत्रू तोच : सवय. नव्या मॉनिटरवर तेच अक्षर, तेवढ्याच आकाराचं, पण जवळजवळ दुप्पट ठिपक्यांत. रफार वेगळा, टिंब वेगळा आणि गोल.

इंग्रजी अक्षरं एका ओळीत शेजारी शेजारी उभी राहतात. आपली एकमेकांच्या डोक्यावर आणि पायाखाली बसतात. ‘राष्ट्र’ मधला ‘ष्ट्र’ घ्या, ‘वृद्धि’ मधला ‘द्ध’ घ्या. उभ्या दिशेला आपली गर्दी जास्त, त्यामुळे ठिपके वाढण्याचा फायदाही आपल्याला जास्त. फोर-केच्या जाहिरातीत धबधबे आणि मोर दाखवतात. मराठी मजकुराचं एक पान दाखवलं तर निदान नौपाड्यात जास्त खपतील.

डोळ्याचाही हिशोब आहे. निरोगी डोळा अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखतो, असं धरतात. मॉनिटर दोन फुटांवर असेल तर हे अंतर भरतं पावणेदोन दशांश मिलिमीटर, ०.१७७. काकांच्या जुन्या चोवीस इंची मॉनिटरचा ठिपका ०.२७७ मिलिमीटरचा, म्हणजे डोळ्याला जाणवेल एवढा. नव्याचा ०.१५६. डोळ्याच्या पकडीखाली गेला.

एक दुखणं मात्र केबलनं सुटलं नाही, ते सांगायलाच हवं. फोर-केवर सगळं मुंगीएवढं दिसतं, म्हणून विंडोजमध्ये दीडशे टक्के स्केलिंग ठेवावं लागतं. नवी सॉफ्टवेअर ते समजून अक्षरं नव्यानं, मोठी आणि धारदार काढतात. काकांचं पानं लावायचं सॉफ्टवेअर म्हणजे पेजमेकर, शेवटच्या आवृत्तीचं, २००१ चं. त्याला हे असलं काही असतं याचा पत्ताच नाही. विंडोज त्याचं चित्र लहान काढून मग ताणून मोठं करतं, आणि ऐंशी लाख ठिपक्यांच्या पडद्यावर ते जुन्या मॉनिटरपेक्षाही धुरकट दिसतं. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ताणणं बंद करता येतं, मग अक्षरं स्वच्छ येतात पण टूलबारवरची चित्रं मोहरीएवढी. काकांनी मधला मार्ग काढला : पानं जुन्या मॉनिटरवर लावायची, पीडीएफ करून प्रुफं नव्यावर वाचायची. दोन पडदे झाले, म्हणून दुसऱ्या आठवड्यात ८ जीबीची दुसरी स्टिकही बसवली.

व्हिडिओचं फारसं टेन्शन घेऊ नका. फोर-के व्हिडिओ उलगडायला या चिपमध्ये वेगळा, त्याच कामाचा भाग असतो. प्रोसेसरला घाम फुटत नाही. फक्त एव्ही-वन हा व्हिडिओ दाबून ठेवायचा नवा प्रकार इंटेलच्या बाबतीत २०२० पासूनच्या पिढ्यांना झेपतो. नातवाला फोर-केवर गेम खेळायचे असतील तर मात्र दुकानदाराचं बरोबर आहे. तिथे प्रत्येक ठिपक्याचा रंग उजेड-सावलीसकट दर वेळी नव्यानं मोजायचा असतो, चौपट ठिपके म्हणजे जवळजवळ चौपट मोजणी. त्याला कार्डच हवं.

मी निघालो तेव्हा काकूंनी दारात अडवलं. “मग आता टीव्हीपण फोर-केच घ्यायचा ना? त्रेचाळीस इंची म्हणतायत हे.”

मी टेप मागून घेतली. सोफ्यापासून टीव्हीच्या भिंतीपर्यंत आठ फूट. ठाण्यातल्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये याहून जास्त कुठून येणार? आठ फुटांवरून डोळ्याला ०.७ मिलिमीटरपेक्षा बारीक ठिपका वेगळा दिसत नाही, आणि त्रेचाळीस इंची फुल एचडी टीव्हीचा ठिपकाच मुळात अर्धा मिलिमीटर. म्हणजे तिथे बसून फुल एचडीतलेही सगळे ठिपके दिसत नाहीत, फोर-केचे कुठून दिसणार? फरक कळायला साडेपाच फुटांच्या आत बसावं लागेल.

काकूंनी सोफ्याकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं.

“अहो,” त्यांनी आत हाक मारली, “तो टीपॉय हलवा बघू. सोफा पुढे घ्यायचाय.”